मागच्या बाकांवरचे साक्षीदार

संपादकांनी मला 'शिक्षकी पेशातील गमतीजमती' लिहा असे सुचवले होते. मी त्यांना लेखी उत्तर दिले की गमती मजजवळ भरपूर आहेत, परंतु त्या ज्यांच्या आहेत त्यांपैकी बहुतेकांशी माझे बोलणे उरलेले नाही. तरी चालत असेल तर लिहितो. चालेल असे त्यांनी कळवले. दूरध्वनीवर कळवले, लेखी नव्हे. पण सणासुदीच्या अंकासाठी एवढी सवलत मी देतो.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील माध्यमिक शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्यांचा एक संघ आहे. त्याचा मी दीर्घकाळ चिटणीस होतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही होतो. पेशाबाहेरच्या वाचकांसाठी आधी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. शिक्षकांच्या संघटना दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार पगार, रजा, बढती यांसाठी भांडतो, मोर्चे काढतो. दुसरा प्रकार विषयाचा. तो विषय कसा शिकवावा, एवढाच त्याचा विचार. आमचा संघ या दुसऱ्या प्रकारचा. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो ढाल म्हणून वापरला गेला.

संघाचे मुख्य काम म्हणजे नमुना पाठ. घाटरस्ते उघडे असतील त्या महिन्यांत एका शनिवारी एका शाळेत सर्वांनी जमायचे. यजमान शाळेचा इंग्रजीचा शिक्षक आपल्याच वर्गावर, आपल्याच मुलांसमोर एक तास घेई आणि आम्ही बाकीचे मागच्या बाकांवर बसून पाहत असू. पन्नाशीच्या माणसांचे गुडघे त्या बाकांत मावत नसत. तास संपला की मुलांना मैदानावर सोडायचे आणि चर्चा करायची. प्रत्येकाने एक गुण आणि एक दोष सांगायचा. नुसता गुण सांगणाऱ्याला मी थांबवत असे. ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांना त्यातली धास्ती कळणार नाही. शिक्षक आयुष्यभर मुलांसमोर उभा राहतो. त्याच्या बरोबरीचे कोणी त्याला शिकवताना क्वचितच पाहते. शल्यविशारदाला किंवा सुताराला ही आडोशाची सोय नाही. आम्हाला होती, आणि ती आम्ही आपणहून सोडली होती, याचा मला अभिमान होता.

लबाड्याही होत. एका शाळेतले गुरुजी, मोठे नावाजलेले, त्यांच्या नमुना पाठाला झाडून सगळी मुले फाडफाड उत्तरे देऊ लागली. मला संशय आला. चर्चेआधी मी एका मुलाला शेजारच्याचे नाव विचारले. त्याला ते सांगता येईना. गुरुजींनी तिन्ही तुकड्यांतली हुशार मुले वेचून एक वर्ग तयार केला होता. मी तो दोष म्हणून सभेत मांडला. गुरुजींनी मला पुढली दोन वर्षे नमस्कार केला नाही.

अशा प्रकारांतून संघाने दोन नियम केले. पहिला असा की इतिवृत्तात पाठ घेणाऱ्याचे नाव लिहायचे नाही, फक्त शाळेचे लिहायचे. एका महाशयांनी इतिवृत्ताची प्रत जोडून आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी अर्ज केला होता आणि त्यावरून भांडणे झाली होती. दुसरा नियम, पाठ चालू असताना सर्वांचे मोबाइल एका टोपलीत. एका बाईंच्या उच्चाराची चित्रफीत कोणीतरी तालुकाभर फिरवली होती; त्या पुन्हा संघात आल्या नाहीत. दोन्ही नियम सभ्य होते. दोन्हींच्या बाजूने मी मत दिले होते आणि आजही देईन. सभ्यपणा कोणाच्या उपयोगी पडेल हे नियम करताना ठरवता येत नाही.

आता संतोष उतेकर यांच्याविषयी.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक विनाअनुदानित हायस्कूल होते. विनाअनुदानित म्हणजे शासन पगार देत नाही. संस्था जमेल तेव्हा जमेल तेवढे देते, आणि शिक्षक उद्या अनुदान येईल या आशेवर वर्षे काढतो. उतेकर त्याच गावचे, इंग्रजी घेऊन पदवीधर, बी.एड. झालेले. दिवसा त्या शाळेत शिकवत आणि शाळा सुटली की मोटारसायकलने महाडच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला कंत्राटी कामावर जात. नेमणुकीचा आदेश मागितला की संस्थेचे अध्यक्ष म्हणत, अनुदान आल्यावर सगळ्यांचे एकदमच करू. संघाच्या एकाही बैठकीला ते गैरहजर राहिले नाहीत. सदस्य मात्र होऊ शकले नाहीत. शासनाची वैयक्तिक मान्यता असलेला शिक्षकच सदस्य, असे आमची घटना सांगत होती. ते निमंत्रित म्हणून येत आणि खुर्च्या लावू लागत.

त्यांच्या शाळेवर नमुना पाठाची पाळी आली तेव्हा वर्ग नववीचा होता. उतेकरांनी पाठ्यपुस्तक उघडलेच नाही. कारखान्यातल्या निळ्या पिंपांवर जो इंग्रजी सूचनांचा कागद डकवलेला असतो, तसा एक कागद त्यांनी फळ्यावर लावला आणि मुलांना एकेक ओळ वाचायला लावली. त्वचेस अपायकारक. पोटात गेल्यास घातक. रिकामे पिंप पुन्हा वापरू नये. मुले अडखळत वाचत होती, अर्थ काढत होती, चुकत होती, पुन्हा वाचत होती. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला कोणी विचारले नव्हते.

"सर, असला पिंप आमच्या घरी हाय," ती म्हणाली. "आय त्यात पानी भरते."

उतेकरांनी शांतपणे विचारले, "अजून कुणाकुणाकडं हाय?"

हात एकेक करून वर येऊ लागले. शेवटी वर्गात थोडेच हात खाली राहिले होते. कोणाचा बाप, कोणाचा भाऊ वसाहतीत कामाला. येताना स्वस्तात मिळालेले पिंप घरी आणलेले, राखेने घासलेले, उन्हात वाळवलेले. मागच्या बाकांवर आम्ही सगळे, दोन तालुक्यांचे इंग्रजीचे शिक्षक, आणि आमच्यापैकी एकालाही हे पूर्वी सुचले नव्हते. उरलेल्या वेळात उतेकरांनी मुलांकडून दोन वाक्ये तयार करून घेतली आणि सांगितले की संध्याकाळी घरी गेल्यावर ती आधी इंग्रजीत वाचायची आणि मग आईला मराठीत समजावून द्यायची.

चर्चेत कोणी दोष काढेना. महाडच्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलातल्या मुकादम मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "दोष माझा आहे. हा पाठ मी माझ्या वर्गात आधीच घ्यायला हवा होता." तुडीलकडच्या पवार सरांनी तो कागद मागून घेतला. संघाचे अध्यक्ष महाडिक सर म्हणाले की पाठ म्हणजे असा असावा. मग उसळ-पाव झाला आणि सर्वांचे छायाचित्र निघाले. त्या छायाचित्रात उतेकर नाहीत. मोबाइल त्यांच्या हाती होता. सगळ्यांना जवळ या, हसा, असे तेच सांगत होते.

नियमाप्रमाणे मी इतिवृत्त लिहिले: 'यजमान शाळेने धोक्याच्या सूचना या विषयावर पाठ सादर केला. पाठ उत्तम झाला.' जणू भिंतींनी पाठ घेतला.

पुढे त्या शाळेला अनुदान मंजूर झाले. शासनाकडे शिक्षकांची नावे गेली. इंग्रजीच्या पदावर संस्थाध्यक्षांच्या भाच्याचे नाव होते, आणि नेमणूक मागील तारखेची, म्हणजे कागदोपत्री तोच इतकी वर्षे तिथे शिकवत होता. हा गृहस्थ त्या काळात मुंबईला एका मॉलमध्ये कामाला होता. गावात गणपतीला येई. हजेरीपुस्तके नवी कोरी लिहिली गेली. उतेकरांना एके सकाळी शिपायाने फाटकावर सांगितले की अध्यक्षांनी तुम्हाला वर्गावर जाऊ नका असे सांगितले आहे. तो शिपाई रडत होता असे उतेकर म्हणाले. स्वतःविषयी त्यांनी काही सांगितले नाही.

ते माझ्याकडे आले. मी सनद घेतलेला वकील नव्हे, पण खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा मी विशेषणांसकट वाचलेला आहे. मी नोटिशीचा मसुदा केला. संस्थेचे उत्तर आले. त्यातले वाक्य मला पाठ आहे: 'सदर इसम आमच्या शाळेत कधीही अध्यापक नव्हता, गावातील होतकरू तरुण म्हणून तो ग्रंथालयात वाचावयास येत असे.' इसम! ज्या शाळेने त्यांना पगार दिला नाही, तिने त्यांना निदान चांगला शब्द तरी द्यावा.

आम्ही शाळा न्यायाधिकरणात अपील दाखल केले. प्रश्न एकच होता: उतेकर तिथे शिकवत होते हे सिद्ध कसे करायचे? मुलांना साक्षीला आणू, असे आमचे वकील म्हणाले. उतेकरांनी नकार दिला. "पोरांना कोर्टात नको सर. त्यांना अजून त्याच शाळेत बसायचंय." तेव्हा मला आमचे मागचे बाक आठवले. देशात असा दुसरा शिक्षक दाखवा, की ज्याला प्रत्यक्ष वर्गात शिकवताना दोन तालुक्यांतल्या प्रशिक्षित शिक्षकांनी, केवळ पाहण्यासाठी म्हणून बसून, सबंध तासभर पाहिले आहे. इतके साक्षीदार खुनाच्या खटल्यालाही मिळत नाहीत.

त्या शनिवारी हजर असलेल्या प्रत्येकाला मी पोचदेय डाकेने पत्र लिहिले. प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत जोडला. मजकूर चार ओळींचा होता. पोचपावत्या सर्व परत आल्या, सह्यांसह. उत्तर एकाचेही आले नाही. मग मी घरोघर गेलो.

महाडिक सरांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "वाडकर, आपला संघ विषयाचा. हा वाद नोकरीचा. ते काम संघटनेचं." मी संघटनेकडे गेलो. तिथे सांगण्यात आले की उतेकरांना मान्यता नाही, म्हणजे ते आमचे सभासद होऊच शकत नाहीत. तुमच्या संघातर्फे पाहा. एका तरुण शिक्षकाने, ज्याला मी स्वतः नमुना पाठाला उभे राहायला शिकवले, दार अर्धे उघडे ठेवून मला ऐकवले, "सर, तुमचं पेन्शन सुरू झालं. आमचा पगार अजून संस्थेच्या सहीनं निघतो. अध्यक्ष-अध्यक्ष एकमेकांच्या पंक्तीला बसतात, तुम्हाला म्हाईत हाय." हे उत्तर भेकडपणाचे होते, खोटे मात्र नव्हते, म्हणून मी ते ऐकून घेतले.

पवार सर अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होते. त्यांनी मला ओटीवर बसवले, पाणी दिले. बराच वेळ पावसाविषयी बोलले. मी विषयावर आणले तेव्हा खाली पाहून म्हणाले, "पिंप आठवतो सर. त्या पोरीचं बोलनं आठवतं. शिकवनारा कोन व्हता, ते नाय आठवत."

मी विचारले, तुम्ही तो कागद कोणाकडून मागून घेतलात?

"नाय आठवत," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या पत्नी दारातून आत गेल्या.

माझ्या संतापाची अनेकांनी आजवर थट्टा केली आहे. वाडकरांच्या पत्रांना सरकारी कार्यालयांत वेगळी फाइल असते, असे म्हणतात. असेलही. पण त्या दिवशी परतताना मला संताप आला नाही. मला लाज वाटली, आणि ती कोणाची आहे हे ठरवता येईना.

मुकादम मॅडमना मी शेवटी भेटलो, कारण त्यांच्याकडे जाण्याचा मला धीर होत नव्हता. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. निवृत्तिवेतनाचे प्रस्ताव त्यांच्याच संस्थेमार्फत जायचे होते. मी नियम म्हणून हे सर्व त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला.

"वाडकर सर, त्या मुलीच्या मागच्याच बाकावर मी बसले होते. तिचे केस माझ्या वहीवर येत होते. हे मी कसं विसरू, ते तुम्हीच सांगा."

त्यांनी सही केली. एका जागी माझी शुद्धलेखनाची चूकही दाखवली.

प्रतिज्ञापत्रे दोनच झाली: माझे आणि त्यांचे. उलटतपासणीसाठी आम्हा दोघांना मुंबईस बोलावण्यात आले. संस्थेच्या वकिलांनी मला विचारले की संघाच्या इतिवृत्तात उतेकर हे नाव कोठे आहे? मी नियम सांगितला. पाठ चालू असतानाचे छायाचित्र आहे का? मी नियम सांगितला. ते संघाचे सदस्य होते का? मी घटनेतील कलम सांगितले. वकील महाशयांनी न्यायाधिकाऱ्यांकडे पाहून फक्त मान हलवली. माझ्याच मुखाने, शपथेवर, आमच्याच नियमांनी तो माणूस तिथे नव्हता.

मुकादम मॅडमना त्यांनी निराळ्या रीतीने विचारले. आपण उर्दू माध्यमाच्या. मराठी शाळेतल्या खेड्यातल्या शिक्षकाला आपण एकदाच पाहिलेत. चेहरा इतका नेमका लक्षात राहिला?

"चेहरा सोडा, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "त्यांनी कुठलं वाक्य कितव्यांदा वाचून घेतलं, कुठल्या मुलाला दोनदा संधी दिली, ते सांगते. मी इंग्रजी शिकवते. ते इंग्रजी शिकवत होते. आम्ही एकमेकांना असेच ओळखतो."

आणि त्यांनी तो तास क्रमाने सांगितला. त्यांना कोणी मध्ये थांबवले नाही. उतेकर भिंतीशी उभे होते. आपण काय केले होते ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. त्यांच्या पाठाची तेवढी एकच नोंद जगात कोठेतरी झाली, आणि ती या बाईंनी केली.

निकाल लागला. भाषा स्वच्छ होती, तर्क निर्दोष होता. म्हणूनच तो अधिक जिव्हारी लागला. न्यायाधिकरणाने मुकादम मॅडमची साक्ष विश्वासार्ह मानली. अपीलकर्त्याने सदर शाळेत अध्यापन केले, हे सिद्ध झाले असे लिहिले. परंतु पदाची जाहिरात नव्हती, निवडीची रीतसर प्रक्रिया नव्हती, नेमणुकीचा आदेश नव्हता. जिथे कायदेशीर नेमणूकच नाही तिथे तिची समाप्तीही होऊ शकत नाही. सबब अपील फेटाळण्यात येते. म्हणजे त्यांनी शिकवले हे मान्य. ते शिक्षक होते हे अमान्य. जाहिरात देणे, प्रक्रिया करणे, आदेश काढणे ही सर्व कर्तव्ये कायद्याने संस्थेवर टाकलेली आहेत. संस्थेने ती पाळली नाहीत, आणि न पाळण्याचा लाभ संस्थेलाच मिळाला. यावर मी कोणाकोणाला किती पत्रे लिहिली ते सांगून वाचकांस शिणवत नाही.

मुकादम मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या प्रस्तावात दर वेळी नवी त्रुटी निघत राहिली. माझ्या पत्रव्यवहारात त्यांचे प्रकरण अद्याप चालू आहे. त्यांनी मला त्याविषयी एकदाही बोल लावलेला नाही; उलट ईदला शीरखुर्मा पाठवतात, तेव्हा मी अधिकच चिडतो.

संघाच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की यापुढे इतिवृत्तात पाठ घेणाऱ्याचे नाव लिहावे. महाडिक सर म्हणाले की त्याने पुन्हा वाद सुरू होतील. अनुमोदक कोणी आहे काय, असे त्यांनी विचारले. मी सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. पवार सर खिडकीतून मैदान पाहत होते. मी तिथेच राजीनामा लिहून दिला. माझ्या उभ्या आयुष्यातल्या कोणत्याही अर्जावर इतका तत्पर निर्णय झालेला नाही.

उच्च न्यायालयात दाद मागण्याची तरतूद होती. मी याचिकेचा मसुदा पूर्ण केला, एक वकील विनाशुल्क उभा करून घेतला आणि वकीलपत्रावर सही घेण्यासाठी उतेकरांना गाठायला वसाहतीत गेलो. आता ते पूर्ण वेळ तिथेच होते. पाळी सुटण्याची वेळ होती. बसगाड्या उभ्या होत्या, मोटारसायकली सुरू होत होत्या, हवेत तो नेहमीचा उग्र दर्प होता. ते कंपनीच्या गणवेशात बाहेर आले आणि मला पाहताच त्यांनी डोक्यावरचे शिरस्त्राण काढले, वर्गात टोपी काढावी तसे.

मी कागद पुढे केला. मुद्दे समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. चांगला विद्यार्थी ऐकतो तसे, मध्ये न बोलता. मग म्हणाले, "सर, सही मागू नका."

मी म्हणालो की हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही, तत्त्वाचा आहे.

"तेच तर," ते म्हणाले. "माझं नाव वगळून लढता येत असेल तर लढा. मी आडवा येणार नाही." मग बोलले, "माझ्या पोरीला शाळेत विचारायचे, बाप काय करतो. इतकी वर्षं ती गप्प उभी राहायची सर. शिक्षक म्हणावं तर पगार नाय, कामगार म्हणावं तर आय रागवायची. परवा ती म्हणाली, कंपनीत. एका शब्दात. आता तिला पुन्हा अडखळायला नको लावू... नको लावायला."

त्यांची बस हॉर्न देऊ लागली. त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला आणि ते चढले. खिडकीतून त्यांनी मागे पाहिले की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी वकीलपत्राची घडी घालत होतो.

घरी येऊन मी तरतुदी पुन्हा वाचल्या. दुसऱ्याच्या नोकरीसाठी तिसऱ्याला न्यायालयात जाता येत नाही, मग त्या तिसऱ्याला कितीही झोंबलेले असो. ज्याचे नुकसान झाले त्याची सही लागते. या एका बाबतीत कायद्याशी माझा मतभेद नाही.